ऊब बुटात नसतेच

डिसेंबरातली पहाट. मुखेडकडच्या नाहीतर उदगीरकडच्या एखाद्या शिवारात रात्रपाळीची लाईट आलीय, मोटार चालू आहे आणि हरभऱ्याला पाणी द्यायला कुणीतरी दारं धरून उभं आहे. पारा १० अंशांच्या खाली. अंगावर घोंगडं, कानाला मफलर. आणि बोअरच्या पाइपातून पडणाऱ्या पाण्यातून चक्क वाफा निघतायत! हात घालून बघा, पाणी कोमट लागतं. मग त्याच पाण्यात तासभर वावरलेल्या माणसाचे पाय बधिर का होतात?

आधी त्या वाफेचं बघू. ऊन आणि थंडी जमिनीत फार खोल जात नाहीत. काही मीटर खाली गेलं की मे आणि डिसेंबर यांत फरकच उरत नाही. तिथलं पाणी त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाला येऊन टेकलेलं असतं, आपल्याकडे साधारण २५ अंशांच्या अलीकडे-पलीकडे. मे महिन्यात तेच पाणी गार लागतं आणि हिवाळ्यात कोमट. पाणी तेच, बदलते ती बाहेरची हवा.

पण पायाची कातडी एरवी ३० अंशांच्या आसपास असते. म्हणजे हे 'कोमट' पाणीसुद्धा पायापेक्षा गारच. त्यात स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. आणि खरा फटका बसतो तो पाण्याबाहेर आल्यावर. ओल्या पायांनी बांधावर उभं राहिलं, वारं सुटलं, की कातडीवरचं पाणी उडायला लागतं. एक ग्रॅम पाणी उडून जाताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्यात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी एका अंशानं तापलं असतं. एक ग्रॅम म्हणजे किती? जेमतेम वीस थेंब!

हे सगळं पायाखाली अनुभवायचं असेल तर हिवाळ्यात सकाळी नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जा. जोडे बाहेर ठेवून अनवाणी चालताना सावलीतला संगमरवर तळव्यांना झोंबतो आणि अंथरलेल्या पट्टीवर पाय पडला की हायसं वाटतं. थर्मामीटर लावला तर दोन्हींचं तापमान सारखंच भरेल. मग गार लागतं ते काय? लागतो तो ऊब निघून जाण्याचा वेग. संगमरवर स्थिर हवेच्या जवळजवळ शंभरपट वेगानं ती ओढून घेतो, पट्टीच्या धाग्यांत अडकलेली हवा मात्र तिला सहजी जाऊ देत नाही. बाहेरचा गारठा पायात शिरतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात आत काहीच शिरत नाही, जातं ते आपलंच.

आता शरीर काय करतं बघा. रानात माणूस दारं धरून असतो, तसाच मेंदूही आत दारं धरून बसलेला असतो. पाणी कमी पडलं की टोकाच्या वाफ्याचं दार आधी बंद होतं ना? अगदी तसंच. बोटांच्या आणि तळव्यांच्या कातडीत रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या खास वाटा असतात. उकाड्यात त्या उघडतात आणि ऊन रक्त भराभर कातडीकडे येतं. थंडी वाजली की मिटतात. काळीज, फुप्फुसं, मेंदू आधी. पाय सगळ्यांत शेवटी. बोटांना स्वतःची ऊब तयार करायची सोयही फारशी नाही, कारण बोटं हलवणारे मोठे स्नायू असतात पोटरीत!

तरी हे दार कायमचं बंद होत नाही, यातच खरी करामत आहे. लंडनमध्ये थॉमस लुईस यांनी १९३० साली बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवलेल्या माणसांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. पाच-दहा मिनिटांनी बोटं आपोआप तापायची, पुन्हा गार पडायची, पुन्हा तापायची. टोकाचा वाफा वाळून जाऊ नये म्हणून मधूनमधून एक पाळी सोडायची, हे शरीराला कुणी शिकवलं असेल?

शेजारीच वाफ्यात किडे टिपणारा बगळा मात्र निवांत असतो. त्याच्या काडीएवढ्या पायात खाली जाणारं ऊन रक्त आणि वर येणारं गार रक्त एकमेकांना चिकटून वाहतं. खाली जाणारं आपली ऊब वर येणाऱ्याला वाटेतच देऊन टाकतं. पाण्यापर्यंत ऊब पोचतच नाही, तर जाईल काय? आपल्याला ही सोय एवढी नाही, म्हणून आपल्याला बूट लागतात.

आणि बूट ऊब देत नाही. एक कणभरही नाही. पायात रक्तानं आणलेली ऊब राखणं, एवढंच त्याचं काम. एकदा हे कळलं की दुकानात काय बघायचं ते आपोआप कळतं. पाय गार पडत असतील तर आधी अंगात बंडी चढवा, डोक्याला बांधा; धड ऊबदार असलं तर मेंदू पायाचं दार उघडं ठेवतो.

चिखलाच्या रानात गमबुटाला पर्याय नाही. रबर घट्ट आणि टिकाऊ करण्याची गुडइयरची युक्ती वापरून हायरम हचिन्सन यानं १८५३ मध्ये फ्रान्समध्ये रबरी बूट काढले, ते घेतले लाकडी जोड्यांत दिवस काढणाऱ्या शेतकऱ्यांनीच. पण रबर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसं आतलं बाहेरही जाऊ देत नाही. दोन्ही पायांत मिळून घामाच्या ग्रंथी जवळपास अडीच लाख. सकाळी मोजा ओला निघाला की आपण म्हणतो बूट गळतो. बूट कुठला गळतो, पायच गळतो!

यावर अमेरिकन लष्करानं कोरियातल्या युद्धात जो तोडगा वापरला तो भन्नाट आहे. १९५० च्या हिवाळ्यात तिथे हजारो सैनिकांना थंडीनं इजा झाली. मग आलेल्या बुटांत लोकर दोन रबरी थरांच्या मधे कायमची बंद केलेली होती. पाय घामानं चिंब झाला तरी ऊब राखणारी लोकर कोरडीच. फुगीर आकारामुळे जवान त्यांना 'मिकी माऊस' म्हणत.

आपल्याकडे असे बूट कुठून येणार? पण घोंगडं आहे की! लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय ही ओल शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. रशियात कडाक्याच्या थंडीत दाबून केलेल्या लोकरीचे बूट घालतात आणि ओलीत वरून रबरी जोडा चढवतात. जुनं विरलेलं घोंगडं तळव्याच्या आकारात कापून गमबुटात घातलं तर आपलीही तीच जोडी जमते. बाजारातलं मऊ फरचं अस्तर बघून भुलू नका. अंगठ्यानं दाबा. ते चपटं झालं तर पायाच्या वजनाखाली त्यातली हवा निघून गेलीच म्हणून समजा, आणि हवा गेली की उरतो तो कपडा. घट्ट विणीची लोकर किंवा बारीक बंद बुडबुड्यांचा फोम एवढा दबत नाही.

मापात मात्र खरी अडचण आहे. बूट आवळला तर रक्त अडतं आणि हवाही उरत नाही. सैल घेतला तर आपली काळी माती तो पायातून ओढून ठेवून घेते. त्यामुळे लोकरीचा जाड मोजा सोबत घेऊनच दुकानात जायचं, तेही संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना. टाच आणि घोटा मोज्यानं भरून निघाले पाहिजेत, पण पुढे बोटं मोकळी हलली पाहिजेत. बोटं हलत नसतील तो बूट कितीही महाग असो, परत ठेवा.

आता माझं मत विचाराल तर गारठ्यावरचा सगळ्यांत चांगला उपाय चपलांच्या दुकानात मिळत नाही. दिवसा लाईट द्या, पाय आपोआप ऊबदार राहतील. २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. ज्यांच्या फीडरला दिवसाची वीज मिळाली त्यांना हा लेख वाचायची गरज नाही.

बाकीच्यांनी आखाड्यावर कोरड्या मोज्यांचा एक जोड पिशवीत बांधून ठेवावा आणि मध्यरात्री बदलावा. ओले बूट शेकोटीला लावून वाळवू नयेत, रबर तडकतं. बधिर पायही जाळाजवळ नेऊ नयेत, कारण त्यांना चटका बसलेला कळत नाही. आधी पुसून कोरडे करा, कोरडा मोजा चढवा, मग बांधावरून चार चकरा मारा. पोटऱ्या हलल्या की थोड्या वेळानं बोटांत मुंग्या येतील. झोंबेल, पण दार उघडलं म्हणायचं.