दुर्गदबैलात सॅडल मागितलं तर

हुबळीच्या दुर्गदबैलात बैल शोधू नये. कन्नडात ‘दुर्ग’ म्हणजे किल्ला, आणि हा ‘बैल’ म्हणजे बयल, मोकळं मैदान. मोकळेपणा आता नावातच उरलाय. दुर्गदबैल ही जुन्या हुबळीतली गजबजलेली बाजारपेठ आहे. अशा दाटीत जुन्या दुकानाचं वायरिंग नव्यानं करायचं, तर वायरचा पाइप चार हातही सरळ जात नाही. कुठे तुळई आडवी येते, कुठे खांब पुढे आलेला असतो.

मग पाइप वाकवायचा. या कामाची भाषा मोठी फसवी आहे. इथे ‘सॅडल’ मागितलं, तर पाइप भिंतीला आवळून धरणारी पट्टी हातात पडते. अमेरिकी वायरमनच्या लेखी मात्र सॅडल म्हणजे आडव्या नळावरून जाण्यासाठी पाइपला दिलेला उंचवटा: मधे एक बेंड आणि दोन्ही बाजूंना त्याच्या निम्म्या कोनाचे दोन.

‘ऑफसेट’मध्ये पाइप दिशा बदलत नाही, पातळी बदलतो. समान कोनाचे दोन बेंड, एकमेकांच्या उलट. कोन ३० अंशांचा घेतला, तर बेंडसाठी पाइपवर केलेल्या दोन खुणांमधलं अंतर उंचीच्या दुप्पट. खांब ५० मिलिमीटर पुढे असेल, तर खुणा १०० मिलिमीटरवर. शाळेत छळणारं साइन इथे कामाला येतं! या तिरप्या चालीत पाइप सुमारे १३ मिलिमीटर आखूड पडतो. त्याला ‘श्रिंक’ म्हणतात.

काटकोनात उलटं घडतं. पाइप कोपऱ्याच्या टोकापर्यंत न जाता गोलाईनं वळतो, म्हणून कमी लागतो. ७५ मिलिमीटर त्रिज्येच्या बेंडात दोन बाजू मोजल्या तर १५० होतात, प्रत्यक्षात पाइप लागतो ११८. वाचलेले ३२ म्हणजे ‘गेन’.

‘स्प्रिंगबॅक’ समजायला गणित लागत नाही. हात सोडला की पाइप थोडा उलगडतो, म्हणून हव्या त्या कोनापेक्षा जरा जास्तच वाकवायचा.

बेंड किती घ्यायचे यालाही मर्यादा आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या जुन्या नियमानुसार दोन बॉक्सांच्या दरम्यान चार काटकोनांहून जास्त वळण नको. अमेरिकेतही ३६० अंशांचीच मर्यादा. कारण वायर नंतर ओढायची असते, आणि वळणांवरचं घर्षण बेरजेनं नव्हे, गुणाकारानं वाढतं. घर्षणांक ०.४ धरला, तर एका काटकोनात ओढ जवळपास १.९ पट होते, चार काटकोनांत बारा पट. वायरचं आवरण सोलवटतं ते इथे.

पीव्हीसी पाइप गुडघ्यावर वाकवताना चपटा होऊ नये म्हणून आत स्प्रिंग घालतात. ती पाइपच्या आतल्या मापाचीच हवी: २० मिलिमीटरच्या पाइपातही हलक्या आणि जड गेजचं आतलं माप वेगळं असतं. बेंड टोकापासून लांब असेल, तर स्प्रिंगला आधी सुतळी बांधायची. विसरलं, तर स्प्रिंग आत आणि वायरमन बाहेर.