पिशवी गेली, पाळी गेली; थायरॉईड तपासलं का?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तरेला उसाचा पट्टा आणि साखर कारखाने. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या दुष्काळी तालुक्यांतून मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एक दिवस काम चुकलं की ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दुखण्यात खाडा पडू नये म्हणून कितीतरी जणींनी ऐन तरुणपणी गर्भाची पिशवी काढून घेतली. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यात 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली.

नुसती गर्भपिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशय काम करत राहतात. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले तर त्यांच्यातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन एकाएकी तुटतं. भारतीय बाईची पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते. इथे तो बदल दहा-पंधरा वर्षं आधी, तोही एका दिवसात येतो. अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. अशा बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत तरी हार्मोनचे उपचार मिळायला हवेत. ती चैन नाही, तिची गरज आहे.

आता थायरॉईड. थकवा, वजन वाढणं, केस गळणं, मन उदास राहणं, विसरायला होणं ही थायरॉईड मंदावल्याचीही लक्षणं आणि पाळी जातानाचीही. छातीत धडधड आणि घाम म्हणावा, तर थायरॉईडचं काम जास्त झाल्यावरही तेच. ‘वयाचं आहे, होतंच’ असं म्हणून बाईला घरी पाठवलं जातं आणि रक्ताची साधी टीएसएच तपासणी (थायरॉईड मंदावलं की हा आकडा चढतो) राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या देशात 8 शहरांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांचं थायरॉईड मंद आढळलं होतं.

इस्ट्रोजेनची गोळी आणि थायरॉईडची गोळी एकत्र आल्या की खरी गुंतागुंत यकृतात होते. थायरॉक्सिन म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन; रक्तातलं 99.9 टक्क्यांहून अधिक थायरॉक्सिन प्रथिनांना बांधलेलं असतं. गाडीत भरलेल्या उसाचा रस निघत नाही. मोळी गव्हाणीत पडली तरच गाळप होतं. तसं मोकळं थायरॉक्सिनच पेशींच्या उपयोगी पडतं. इस्ट्रोजेनची गोळी पोटातून आधी यकृतात जाते, आणि यकृत ही वाहक प्रथिनं जास्त बनवू लागतं. गाड्या वाढल्या, त्यामुळे मोकळा माल घटला. निरोगी ग्रंथी थोडं जास्त थायरॉक्सिन सोडून तूट भरून काढते. पण जी बाई थायरॉईडच्या गोळीवर आहे, तिची ग्रंथी हे करू शकत नाही. अमेरिकेतले डॉक्टर बाहा अराफाह यांनी 2001 मध्ये हेच दाखवलं: थायरॉक्सिन घेणाऱ्या काही स्त्रियांचा टीएसएच इस्ट्रोजेनची गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत इतका चढला की डोस वाढवावा लागला.

त्वचेवर लावायचा पॅच किंवा जेल घेतला तर इस्ट्रोजेन थेट रक्तात उतरतं. यकृतावरचा हा परिणाम मग जवळजवळ होत नाही. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बाईने डॉक्टरांना हा पर्याय जरूर विचारावा. पिशवी शाबूत असेल, तर आतल्या अस्तराच्या रक्षणासाठी सोबत प्रोजेस्टेरॉनही लागतं.

रोजची एक गोष्ट मात्र आपल्याच हातात. पहाटे उठल्याबरोबर थायरॉईडची गोळी घोटभर चहाबरोबर गिळायची, आणि लगेच हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी घ्यायची, असं पुष्कळ घरांत चालतं. चहाने आणि कॅल्शियमने गोळी अंगी लागत नाही. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या-एक तासाने प्यावा, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी घ्यावी.

थायरॉईडची गोळी चालू असताना इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली की 6 ते 12 आठवड्यांत टीएसएच तपासून घ्या. ती बंद केली तरीही पुन्हा तपासा, कारण तेव्हा थायरॉईडच्या गोळीचा वाढवलेला डोस जास्त होतो आणि हृदयाला, हाडांना त्रास देतो. आणि पिशवी काढलेली असेल, तर अंडाशय ठेवलेत की काढलेत, हे ऑपरेशनच्या कागदावरून डॉक्टरांना आवर्जून विचारा.