उन्हाळा आणि परसातील कोंबड्या

उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात समथर हे एकेकाळच्या संस्थानाचे गाव आहे. बुंदेलखंडाच्या या भागात मे-जून महिन्यांत पारा अनेकदा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि दुपारी ‘लू’ म्हणजे होरपळून टाकणारे उष्ण वारे वाहतात. विदर्भातील लोकांनाही असा उन्हाळा परिचित आहे. ज्या कुटुंबाजवळ शेती नाही, त्याच्या परसातील पाच-दहा कोंबड्या ही अडीनडीच्या वेळची पुंजी असते. योग्य काळजी न घेतल्यास ही पुंजी एका दुपारीत नष्ट होऊ शकते.

कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते. तिला घर्मग्रंथी नसतात; त्यामुळे माणसाप्रमाणे घाम येऊन तिचे शरीर थंड होत नाही. तुरा, चोचीखालचे लोंबते लाल पदर व पाय यांतून काही उष्णता बाहेर पडते. हवा फार तापली की तेवढे पुरत नाही. मग कोंबडी चोच उघडून धापा टाकते. श्वासाबरोबर पाण्याची वाफ बाहेर पडते व शरीर थोडे निवते. हवा कोरडी असेल, तर हा उपाय चांगला साधतो. पहिल्या पावसानंतर हवा दमट होते, तेव्हा तापमान कमी असूनही कोंबड्यांना अधिक त्रास होतो, याचे कारण हेच आहे.

त्रास ओळखण्यासाठी दुपारी दोन ते पाच या वेळेत कोंबड्यांकडे लक्ष द्यावे. चोच उघडी राहणे, पंख अंगापासून दूर धरणे, दाणा सोडून सतत पाणी पिणे ही सुरुवातीची लक्षणे होत. अंडी कमी होतात व त्यांचे कवच पातळ पडते. मान टाकणे, झोकांड्या खाणे किंवा निपचित पडणे ही धोक्याची खूण आहे. पुष्कळदा अशा मृत्यूला ‘मानमोडी’ समजले जाते. उन्हाचा त्रास बहुधा दुपारी वाढतो आणि गारव्यात कमी होतो. सकाळच्या थंड वेळीही कोंबड्या आजारी दिसल्या, तर रोगाची शंका घेऊन पशुवैद्यकाला दाखवावे.

यावरील बरेच उपाय कमी खर्चाचे आहेत. खुराडे झाडाच्या सावलीत व मोकळ्या वाऱ्यात असावे. पत्र्याच्या छपरावर पेंढा किंवा तुराट्यांचा थर द्यावा किंवा चुना फासावा. पश्चिमेकडून ओले गोणपाट टांगावे. मात्र हवा येण्याचा मार्ग बंद करू नये. मातीच्या दोन-तीन भांड्यांत पाणी भरून ती सावलीत ठेवावीत आणि दिवसातून अनेकदा पाणी बदलावे. एरवी कोंबडी दाण्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते. उन्हाळ्यात तिची गरज त्याहून कितीतरी वाढते.

अन्न पचताना शरीरात उष्णता निर्माण होते. म्हणून दाणा पहाटे व सायंकाळी द्यावा. भर दुपारी कोंबड्या पकडणे, डालग्यात कोंबून बाजारात नेणे किंवा त्यांना लस टोचणे टाळावे.

एखादी कोंबडी निपचित पडलीच, तर तिला प्रथम सावलीत आणावे. तिचे पाय साध्या थंड पाण्यात बुडवावेत आणि पंखांखाली वारा घालावा. बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये. घशात बळजबरीने पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. ती सावध झाल्यावर स्वतः पिऊ लागेल.

जातीची निवडही महत्त्वाची आहे. बरेली येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने मानेवर पिसे नसलेल्या देशी कोंबडीच्या संकरातून ‘हितकारी’ ही जात विकसित केली. अंगावर पिसे कमी असल्याने शरीरातील उष्णता सहज बाहेर पडते. परंतु जात कोणतीही असो, सावली, वारा व ताजे पाणी यांना पर्याय नाही. कोंबडी आपली तहान सांगू शकत नाही. ती पाळणाऱ्याने ओळखावी लागते.