मैदान संस्थेचे, छबी खेळाडूची

गेल्या उन्हाळ्यात पांढुर्ण्याच्या बसस्थानकासमोर एक भला मोठा फ्लेक्स लागला होता. एका खाजगी महाविद्यालयाच्या प्रवेशाची ती जाहिरात होती. मध्यभागी चढाईच्या पवित्र्यात झेपावलेला एक कबड्डीपटू आणि त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'प्रवेश सुरू'. आम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिले. तो सहावीपासून दहावीपर्यंत आमच्याच शाळेत शिकलेला मुलगा होता. विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचला, दुसऱ्या वर्षाला गुडघा दुखावला आणि खेळाबरोबर शिक्षणही सुटले. त्याला आता दहा वर्षे होऊन गेली. सध्या तो संत्र्याच्या हंगामात पेट्या भरण्याचे काम करतो व उरलेल्या दिवसांत मिळेल त्या मजुरीला जातो.

योगायोगाने आठवड्याच्या बाजारात त्याची गाठ पडली. आम्ही फ्लेक्सचा विषय काढला, तेव्हा तो ओशाळून हसला. "फोटो आपलाच हाय न जी, गुरुजी. पन आता कोनाले सांगता?" मग थोड्या वेळाने त्याने जे सांगितले, त्यामुळे आम्हांस हा लेख लिहावासा वाटला. शिक्षण सोडताना त्याच्याकडे तीन हजार चारशे रुपये फी बाकी राहिली होती. ती भरल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला मिळणार नाही, असे त्यास त्या वेळी सांगण्यात आले. दाखला अजूनही तेथेच आहे. ज्या संस्थेच्या दप्तरी तो थकबाकीदार आहे, त्याच संस्थेला नवी फी मिळवून देण्याचे काम त्याचा चेहरा भर चौकात करीत होता!

महाविद्यालयात खेळून गेलेल्या मुलांच्या छबीचा असा उपयोग होतो, तेव्हा त्यांना काही मोबदला मिळावा की नाही, हा प्रश्न अमेरिकेत सोळा-सतरा वर्षे न्यायालयांत गाजतो आहे. एड ओ'बॅनन हा बास्केटबॉलपटू कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेकडून खेळत असे. १९९५ साली त्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. पुढे तो मोटारी विकण्याच्या धंद्यात शिरला. एकदा एका मित्राच्या घरी गेला असता मित्राचा मुलगा व्हिडिओ गेम खेळत होता आणि पडद्यावर चेंडू घेऊन धावत होता तो खुद्द ओ'बॅननच! नाव कोठेही लिहिलेले नव्हते; पण तोच गणवेश, तोच ३१ क्रमांक, तोच तुळतुळीत माथा, तोच डावखुरा हात. त्याने २००९ साली दावा लावला. २०१४ साली निकाल त्याच्या बाजूने लागला आणि त्याच सुमारास गेम तयार करणारी कंपनी व एन.सी.ए.ए. ही महाविद्यालयीन क्रीडासंघटना यांनी मिळून खेळाडूंना सहा कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. १ जुलै २०२१ पासून तेथील विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावाचे व छबीचे पैसे घेण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने सुमारे २८० कोटी डॉलरच्या मागील भरपाईस मान्यता दिली; पण ती २०१६ नंतर खेळलेल्यांपुरती.

त्याआधीच्यांचे काय? १९८३ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या बास्केटबॉल संघाने अगदी शेवटच्या क्षणी चेंडू जाळीत घालून अजिंक्यपद जिंकले. तो क्षण आजवर असंख्य वेळा दूरचित्रवाणीवर दाखविला गेला आहे. त्या संघातील काही खेळाडूंनी २०२४ साली त्याचा मोबदला मागितला. २०२५ मध्ये मुदत टळून गेल्याचे कारण देऊन दावा फेटाळण्यात आला. कायद्याला मुदत पाळावीच लागते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु मुदत संपली म्हणून चित्रण दाखविणे काही संपलेले नाही, हेही तितकेच खरे.

सुज्ञ वाचक म्हणतील की, कोठे ते कोट्यवधी डॉलर आणि कोठे आमचे पांढुर्णा-सौंसर! रकमांची तुलना होऊच शकत नाही. पण प्रश्न तोच आहे. त्या महाविद्यालयात आम्ही सहज चौकशी केली, तेव्हा तेथील कारकुनाने दिलेले उत्तर ऐकण्यासारखे होते. मैदान आमचे, गणवेश आमचा, कॅमेरा आमचा, मग फोटो त्याचा कसा?

यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राची मालकी सामान्यतः ते काढणाऱ्याची, किंवा पैसे देऊन काढवून घेणाऱ्याची असते, हे ठीकच. पण छायाचित्राची मालकी म्हणजे चेहऱ्याची मालकी नव्हे. आपल्या देशात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयांच्या निकालांतूनच हा हक्क हळूहळू आकारास आला आहे. २००३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या निमित्ताने उद्भवलेल्या एका वादात दिल्ली उच्च न्यायालयाने असे मत दिले की, प्रसिद्धीचा हा हक्क हाडामांसाच्या माणसाचा असतो. सामने भरविणाऱ्या संस्थेला तो आपलासा करता येत नाही. मैदान कोणाचे, या युक्तिवादाला यात उत्तर मिळते. मात्र हा हक्क अमर्याद नाही. त्याच न्यायालयाने २०२३ साली खेळाडूंच्या डिजिटल पत्त्यांच्या प्रकरणात सांगितले की, नाव, धावा, बळी अशी सर्वांना ठाऊक असलेली माहिती वापरण्यास आडकाठी नाही. त्याच वर्षी सुशांतसिंह राजपूत या नटाच्या संदर्भात असेही ठरले की, असे हक्क माणसाबरोबरच संपतात, वारसांकडे जात नाहीत.

संस्थेची बाजू मात्र आम्ही तुच्छ मानीत नाही. आमची सारी हयात शाळेत गेली आहे. खाशाबा जाधवांचे उदाहरण कोणता मराठी माणूस विसरेल? गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि परत आल्यावर कुस्त्यांचे फड भरवून, त्यातून आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडविले. शिष्य गुरूचे ऋण कसे फेडतो, हे यावरून दिसते. पण त्या महाविद्यालयाने घेतलेली जोखीमही पाहावी! पुढे पोलीस खात्यात नोकरी करून १९८४ साली खाशाबा अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर लाभला. जिवंतपणी ज्यांच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही, त्यांची छबी १५ जानेवारी २०२३ रोजी गूगलच्या पानावर झळकली. मोबदल्याची बाब जिवंतपणीच का निकालात निघावी, हे यावरून कळावे.

दुसरे उदाहरण मिल्खासिंगांचे. आपल्या जीवनावर चित्रपट काढण्याची परवानगी त्यांनी अवघ्या एक रुपयात दिली. यावरून कोणी म्हणेल की, खऱ्या खेळाडूला पैशाचा मोह नसतो. आम्हांस त्यातून वेगळेच दिसते. त्यांना विचारले गेले होते. किंमत एक रुपया असावी, हे ठरविणारे ते स्वतः होते. आमच्या विद्यार्थ्याला ना कोणी विचारले, ना कोणी तो रुपया पुढे केला.

सरसकट सर्वांना मानधन द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. शाळेच्या दालनात विजयी संघाचे छायाचित्र लावणे हा गौरव आहे. त्याचे पैसे मागणे कोणास सुचणारही नाही. पण तेच छायाचित्र जेव्हा प्रवेशाच्या जाहिरातीवर चढते, तेव्हा गौरव संपून व्यवहार सुरू होतो, आणि व्यवहारात दुसऱ्या पक्षाची संमती लागते. यासाठी अमेरिकेकडे पाहण्याचेही कारण नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी जे निर्देश काढले, त्यांत यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय जाहिरातीत वापरण्यास मनाई आहे. आणि ही संमती निवड झाल्यानंतर घेतलेली असावी, अशी अट आहे. ही अट मोठी शहाणपणाची. प्रवेशाच्या वेळी गरजू मुलगा कोणत्याही कागदावर सही करतो. महाविद्यालयांच्या खेळाडूंनाही हाच नियम लावण्यात अडचण ती काय? संस्था लहान असेल तर रक्कम लहान ठेवावी, नाहीतर थकलेली फी माफ करावी.

आमचे बोलणे त्या संस्थेत कोणाच्या कानी पोचले की पावसाने फ्लेक्स फाटला, ठाऊक नाही. पोळ्याच्या आधी तो उतरला. उतरविणाऱ्यांकडून आमच्या विद्यार्थ्याने तो मागून नेला आणि गोठ्याच्या छपरावर घातला. दाखल्याचा अर्ज आम्ही त्याला लिहून दिला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

तोवर आपल्या घरातही पाहावे, म्हणून शाळेची जुनी वार्षिके काढली. खो-खोच्या मुलींची छायाचित्रे आम्हीही विचारल्याशिवाय छापली होती, आणि त्याच वार्षिकांत शेवटी गावातील दुकानदारांच्या जाहिराती होत्या. यंदापासून अर्ध्या पानाचा संमतीपत्राचा नमुना केला असून त्यावर पालकांची सही घेतो. पहिल्याच खेपेस एका मुलीच्या वडिलांनी नकार दिला. संघाच्या पानावर तिचे नाव छापले आहे, छायाचित्राची चौकट रिकामी ठेवली आहे.