पारी का फाटते?

रत्नागिरीतल्या एका घरात ओट्याशेजारी लॅपटॉप उघडा आहे. पाककृतींचा ब्लॉग चालवणारी गृहिणी सर्च कन्सोलचा अहवाल वाचते आहे. गूगलचं हे साधन फुकट मिळतं आणि लोकांनी काय टाइप केल्यावर आपलं पान शोधात दिसलं, ते शब्दांसकट सांगतं. ‘उकडीचे मोदक पारी फाटते’, ‘मोदक उकड प्रमाण’. खाली हेच शब्द रोमन लिपीत, तीन-चार तऱ्हांच्या स्पेलिंगांनी.

तिच्या पोस्टचं शीर्षक आहे ‘आजीच्या हातची गोडी’. सुरेख आहे, पण त्यात मोदक कुठेच नाही. पारी फाटल्यामुळे हवालदिल झालेली बाई त्यावर बोट का ठेवेल?

शीर्षक बदलतं: ‘उकडीचे मोदक: पारी फाटू नये म्हणून उकड कशी काढावी’. आजी राहते, फक्त थोडी खाली सरकते. वर येतं उत्तर. जितकी पिठी तितकंच पाणी. उकळी आली की मीठ, चमचाभर तूप, मग पिठी. झाकण ठेवून दणदणीत वाफ, आणि उकड गरम असतानाच पाण्याच्या हाताने भरपूर मळणं. मळण्यात कसर राहिली की पारीच्या कडा चिरतात. एसईओच्या, म्हणजे शोधात पान वर आणण्याच्या तंत्राच्या, नावाखाली जे जे शिकवलं जातं, त्यात सगळ्यांत मोलाचं हेच: विचारणाऱ्याच्या शब्दांत, विचारलेल्याचंच उत्तर.

मग पत्ता. पानाच्या पत्त्यात देवनागरी ‘मोदक’ ठेवला, की लिंक कॉपी करताना बहुधा त्याची टक्क्याच्या खुणांनी भरलेली 36 चिन्हांची माळ होते. गूगल ती वाचतं. व्हॉट्सॲपवर अशी लिंक मिळाली की माणूस मात्र बिचकतो. नव्या पोस्टना ती छोटे रोमन पत्ते देते. जुने पत्ते बदलत नाही, कारण लोकांनी जपून ठेवलेल्या लिंक तुटतील. कॅमेऱ्यातून जसाच्या तसा चढवलेला भलामोठा फोटो आता आटोपशीर होतो, कारण पानातला मुख्य भाग 2.5 सेकंदांत दिसावा अशी गूगलची अपेक्षा आहे. फोटोच्या वर्णनात ती लिहिते, ‘केळीच्या पानावर वाफवलेले उकडीचे मोदक’. ते शोधयंत्राला कळतं आणि दृष्टिहीन वाचकाला ऐकूही येतं.

सगळ्यांत जिवाला लागतं ते जुनं लेखन. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. यंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरं असतात. तिच्या सासूबाईंच्या पाककृतींची अशी एक फाइल आहे. युनिकोडमध्ये बदलून जोडाक्षरं एकेक तपासल्याशिवाय ती कुणाला सापडणार नाही. असं किती मराठी अजून अंधारात पडून आहे!

मध्येच एक ईमेल येतो: पैसे भरा, पहिल्या क्रमांकावर आणतो. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलच सांगतं. क्रमांक वर नेण्यासाठी इतर साइटवरून विकत घेतलेल्या लिंकांवर तर गूगलच्या 2012 मधल्या ‘पेंग्विन’ या शोधप्रणालीतल्या बदलापासून कडक नजर आहे. ती ईमेल पुसते आणि पुन्हा यादीकडे वळते. गणपतीला अजून दोन महिने आहेत. सुधारलेलं पान गूगलच्या नोंदीत यायला काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात.

यादीच्या तळाशी नवा प्रश्न दिसतो: ‘जुन्या तांदळाच्या पिठीचे मोदक होतात का’. याचं उत्तर तिच्या पोस्टमध्ये नाही. लॅपटॉप तसाच ठेवून ती फडताळातून गेल्या वर्षीच्या पिठीचा डबा काढते आणि पाणी उकळत ठेवते.