जागा मिळाली, पुढे काय?

ठाणे-बेलापूर पट्ट्यात धंदा आला तो जागेसाठी. मुंबईत कारखाना वाढवायला वाव उरला नव्हता आणि खाडीपलीकडे एमआयडीसीचे भूखंड तयार होते. मफतलाल समूहाने शेलच्या साथीने उभारलेला नोसिलचा पेट्रोरसायन प्रकल्प १९६८ मध्ये सुरू झाला. परवाना हाती, स्पर्धक मोजके. माल खपायची चिंता नव्हती. १९९१ नंतर आयातशुल्क उतरू लागले, गुजरातमधल्या हजिऱ्याला रिलायन्सचा कितीतरी मोठा प्रकल्प आला आणि नोसिलच्या लहान क्रॅकरचा, म्हणजे पेट्रोरसायने बनवणाऱ्या मूळ संयंत्राचा, हिशेब जमेना. नोसिलने अखेर पेट्रोरसायनांतून अंग काढून घेतले, टायरला लागणाऱ्या रबर रसायनांवर भर दिला आणि २०१३ मध्ये दहेजला दुसरा कारखाना काढला. ज्या धंद्यावर नाव झाले तोच बंद करायचा, हे संचालक मंडळात बोलायलाही छाती लागते.

याच पट्ट्यात आता आयटी पार्क आणि डेटा सेंटर आहेत. त्यांनाही जागा आणि विजेनेच ओढून आणले.

वाशीच्या बाजार समितीचे दुखणे निराळे. इथे व्यापाऱ्यांना मुंबईतून हलवण्यात आले. कांदा-बटाटा आधी आला, मग मसाला आणि धान्य, १९९६ मध्ये भायखळ्याची भाजी आणि क्रॉफर्ड मार्केटची घाऊक फळे. बरेच जण कुरकुरत आले. पण घाऊक माल आवारातूनच जायचा, म्हणून गाळा हीच कमाई झाली. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळे-भाजीपाला नियमनातून काढला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला सांगितले. व्यापाऱ्यांनी संप केला. तेव्हापासून आवाराबाहेरचा व्यवहार उघडपणे होतो, आणि मोठ्या कंपन्यांच्या गाड्या नाशिकहून थेट त्यांच्या गोदामात जाऊ शकतात.

तरीही आंब्याच्या हंगामात पहाटे वाशीच्या फळबाजारात जाऊन बघा. हापूसची पेटी उघडून वरचा थर दाखवलेला, दोघांचे हात रुमालाखाली, बोटांच्या दाबावर भाव ठरतो. शेजारच्यालाही आकडा कळत नाही. नियमाला उघड लिलाव हवा, सवय काही सुटत नाही. माझ्या मते अडत्याची खरी ताकद रुमालात नाही, उधारीत आहे. बागायतदाराला हंगामाआधी उचल आणि फळवाल्याला चार दिवसांची सवलत देण्याचा धोका तो वर्षानुवर्षे अंगावर घेतो. थेट खरेदी करणाऱ्या ॲपवाल्या कंपनीला मालाची प्रतवारी यंत्रावर करता येईल, पण ही ओळखपाळख ती कुठून आणणार?

पण उधारीची ही ताकद ओळखून बाजाराची दिशा ठरवायची कोणी? गाळे व्यापाऱ्यांचे, आणि माल हाताळण्याचे काम १९६९ च्या कायद्याचे संरक्षण असलेल्या माथाडींचे. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांनी झगडून मिळवलेला तो हक्क यंत्रे आणताना बाजूला सारता येणार नाही, आणि सारूही नये.

जबाबदारी कोणी घ्यायची, हा प्रश्न निर्यातीत अधिक बोचतो. मे २०२५ मध्ये नवी मुंबईच्या केंद्रात विकिरण करून अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा तिथल्या अधिकाऱ्यांनी नाकारल्या. आक्षेप विकिरणाच्या कागदपत्रांवर होता. परत आणणे परवडेना, म्हणून माल तिथेच नष्ट करावा लागला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. इथून परदेशात माल नेणारी विमाने उडू लागली की वाशीची पेटी मुंबईच्या सहार विमानतळावर न्यायची गरज उरणार नाही. कागद सांभाळणारा जाणकार माणूस मात्र तेव्हाही लागेल, आणि त्याचा पगार अडते, निर्यातदार आणि समिती यांत कोणी द्यायचा, हे त्यांनी आंब्याच्या पुढच्या हंगामाआधी ठरवायला हवे.