वालाच्या मुळावरच्या गाठी

आपल्या भिवंडी तालुक्यात पावसाळ्यात भात करतात. भात कापले की त्याच शेतात वाल, हरभरा, मूग पेरतात. वालाला पाणी द्यावे लागत नाही. जमिनीच्या ओलीवरच तो येतो.

मागच्या वर्षी मी वालातले गवत काढत होतो. गवताबरोबर वालाचे एक रोप उपटून आले. बघतो तर मुळांना बारीक बारीक गाठी! मला वाटले, कीड लागली. म्हणून मी आणखी सात रोपे उपटली. सगळ्यांना गाठी! मी ती बांधावर टाकली. आजोबा आले नि म्हणाले, "अरे, काय केलंस हे? चांगली रोपं होती ती!" मला रडूच आले.

दुसऱ्या दिवशी एक रोप शाळेत नेले. गुरुजींनी ब्लेडने गाठ कापली. आतून ती गुलाबी होती. गुरुजी म्हणाले, "हा तर खताचा कारखाना आहे!"

हवेच्या १०० भागांत ७८ भाग नत्र वायू असतो. पण झाडांना तो हवेतून घेता येत नाही. जमिनीत रायझोबियम नावाचे जिवाणू असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते वालाच्या मुळात शिरतात आणि तिथे गाठ तयार होते. वाल त्यांना पानात केलेली साखर देतो. जिवाणू हवेतला नत्र घेऊन वालाला देतात. हॉलंडच्या बायेरिंक या शास्त्रज्ञाने १८८८ साली हे जिवाणू गाठीतून वेगळे काढले.

गाठ आतून गुलाबी असली की काम चालू आहे असे समजावे. सूत्रकृमी नावाच्या किडीच्याही गाठी असतात, पण त्यात मूळच सुजते. चांगली गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते व नखाने सहज निघते.

या जिवाणूंचे पाकीटही मिळते. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम लागते. गुळाचे पाणी थंड करून त्यात ते कालवायचे, बियाण्याला हलके चोळायचे आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरायचे. उन्हात जिवाणू मरतात. हरभऱ्याचे पाकीट वालाला चालत नाही, म्हणून नाव बघून घ्यावे. युरिया जास्त टाकला तर गाठी कमी येतात. यंदा बाबांनी असेच बी पेरले.

पालकांना माझी विनंती आहे. शेंगा झाल्यावर वाल उपटू नका, विळ्याने कापा. मुळे जमिनीत कुजली की त्यातला थोडा नत्र पुढच्या भाताला मिळतो.

टेबलावर बाटलीत वालाचे मूळ ठेवले आहे. सर्वांनी बघावे. पण बघण्यासाठी शेतातली रोपे उपटू नका. मी आठ उपटली, तेवढी पुरे!

— इयत्ता चौथी